राजीखुशीनं ना?

माझं लग्न 1968 सालचं, वसईतलं. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी कोलकात्याला आलो ते इथलेच झालो. आता नातीचं लग्न मुर्गीहट्ट्याच्या कॅथीड्रलमध्ये ठरलंय. 1799 सालचं हे पोर्तुगीज चर्च, भोवती सगळा बडाबाजार: हातगाड्या, हमाल, डोक्यावरचे गठ्ठे. नवरीची गाडी दारापर्यंत पोचेल का, ही सध्या आमच्या घरातली सर्वांत मोठी चिंता.

आमच्या वेळी तयारी गाव करायचं. लागोपाठ तीन रविवार मिस्सेत नावं पुकारली जायची, कुणाला अडथळा ठाऊक असेल तर सांगा म्हणून. अख्खी आळी कान टवकारायची. जवळचं नातं निघतंय का, आधी कुठे शब्द दिलाय का, सगळं शोधून काढायची. नावं आजही पुकारतात, पण इथे शेजारच्या बाकावरचा कोण हेच माहीत नसतं, तो हरकत कसली घेणार? घरी तांदूळ निवडायला, मसाला कुटायला बायका जमायच्या. कुणाची सासू कशी, कुणाचा नवरा पितो, हे तिथेच कानावर पडायचं. आमचा विवाहपूर्व वर्ग तोच. फादरांनी माझ्याकडून दहा आज्ञा म्हणवून घेतल्या आणि विचारलं, "राजीखुशीनं ना?" मी मान हलवली. आई बाहेरच बसली होती, दुसरं काय करणार!

नात आणि तिचा होणारा नवरा रीतसर शिबिराला जाऊन आले. मुलगा बंगाली हिंदू. दोघांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्नपत्रिका दिली: पगार कुणाच्या खात्यात, मुलं कधी, आईवडील थकले की कुणाकडे, रागावलात की बोलणं टाकता का? मग कागद शेजारी शेजारी ठेवले. मुलांच्या प्रश्नावर उत्तरं जुळेनात. परतताना टॅक्सीत चांगलीच जुंपली म्हणे. लग्नाआधीच जुंपली, हे मला तरी बरं वाटलं.

हा फरक नुसत्या रीतीतला नाही. माझ्या वेळी चर्चची 1917 ची संहिता होती. तिच्यात विवाहाचा मुख्य हेतू अपत्यं, एकमेकांचा आधार दुय्यम. 1983 च्या संहितेनं विवाहाला आयुष्यभराची भागीदारी म्हटलं आणि नवराबायकोचं भलं अपत्यांच्या पंगतीत आणून बसवलं. पूर्वी जोडीदार परधर्मी असला तर मुलं कॅथलिक वाढवू, असं वचन त्याच्याकडूनही घेत. 1970 पासून ते फक्त कॅथलिक बाजू देते, दुसऱ्याला कल्पना दिली की झालं. बिशपांची परवानगी मात्र लागतेच. देशाचा ख्रिस्ती विवाह कायदाही अजून 1872 चाच. आणि घटस्फोटाचं म्हणाल, तर 2001 च्या दुरुस्तीपर्यंत ख्रिस्ती बाईला नवऱ्याचा नुसता व्यभिचार दाखवून भागत नसे, जोडीला क्रूरपणा किंवा टाकून जाणंही सिद्ध करावं लागे. तेव्हाचे संसार टिकायचे, असं कुणी उमाळ्यानं म्हणालं की मला हे आठवतं.

मसाल्याचा खमंग वास आणि बायकांचा कलकलाट यांची मात्र चुटपुट लागते. जेवण केटररकडे दिलंय. केक न्यू मार्केटातल्या नाहूम बेकरीचा, 1902 पासून चालत आलेल्या यहुदी दुकानाचा. कॅथलिक नवरी, हिंदू नवरा, यहुदी केक. कोलकात्यात कुणाला त्याचं नवल नाही.

परवा नातीनं विचारलं, "आजी, मुलांबद्दल तू आणि आजोबांनी काय ठरवलं होतं गं?"

"ठरवलं?" मी म्हटलं, "चार झाली."