परतीचं भाडं

निफाड तालुक्यात थंडीच्या रात्री आवाज फार लांबून येतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या असतात, धूर मांडवांखाली अडकून राहतो, कुत्रीसुद्धा गप्प झालेली असतात, आणि तेवढ्यात मुंबई-आग्रा रस्त्यावर चढाला लागलेल्या भरल्या गाडीचा तो घोगरा, दमदार, खालच्या गिअरमधला सूर शेतं ओलांडत आमच्या भिंतीपर्यंत येतो. मग गिअर बदलतो, क्षणभर सगळं थांबतं, सूर पुन्हा उचलला जातो आणि चांदवडच्या दिशेनं विरत जातो. मी अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्या मागे जातो. राहुड घाट. मालेगाव. धुळे. पुढे झोप लागते, किंवा लागत नाही.

माझी नोकरी पिंपळगाव बसवंतातल्या एका पतसंस्थेत. ती चांगली आहे, हे आधीच सांगतो. पगार ठरल्या तारखेला होतो, फंड कापला जातो, दिवाळीला बोनस मिळतो; आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, घरावरचा स्लॅब, मुलीची शाळा, सगळं या टेबलावरच उभं राहिलं. काउंटरपलीकडची माणसं मला हातांवरून ओळखू येतात. छाटणी केलेले, चाळीत कांदा निवडलेले, अंगठ्याच्या कडेला काळी चीर पडलेले हात. कांद्याचा भाव कोसळला की पासबुक पुढे सरकवताना ते जरा थबकतात. त्या हातांशी माझं नातं आहे. तरीही दुपारी कधीतरी ऊन खिडकीतून टेबलावर उतरतं, शिक्क्याच्या शाईचा वास जड होतो, आणि जाणवतं, इथलं कर्ज फिटतं आणि नवं उचललं जातं, रजिस्टर संपतं आणि नवं उघडतं, मार्च उलटतो आणि पुन्हा मार्चच समोर येऊन बसतो. सगळं सतत चालू असतं, रात्रंदिवस, व्याजासकट चालू असतं.

पोहोचत काही नाही.

मामा ट्रकवर होता. सुटीत त्याच्या घरी गेलं की तो असेलच असं नसे. असला तर अंगणासमोर गाडी उभी असे आणि गल्लीभर डिझेलचा, तापलेल्या रबराचा, गोणपाटाचा वास दरवळत असे. निघण्याआधी मामा हातात टामी घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायचा. प्रत्येक टायरवर एक टोला. बाजारात मडकं वाजवून बघावं तसा तो कान देऊन ऐकायचा. भरलेला टायर टामी खणकन परत फेकायचा, हवा कमी असलेला नुसता थप्प करून तिला आत घ्यायचा. मागच्या जोडचाकांतला आतला टायर नीट दिसत नाही. तिथे तो गुडघ्यावर बसायचा, टामी तिरकी आत घालायचा आणि टोला मारताना डोळे मिटायचा. त्या मिटलेल्या डोळ्यांनी माझ्या आत आजही काहीतरी हलतं. एवढं मोठं धूड, वर टनावारी माल, पुढे न दिसणारा रस्ता, आणि हे सगळं सुखरूप जाईल की नाही ते एका आवाजावर ठरायचं. तो ऐकण्यासाठी भोवतालचा सारा गलका बाजूला सारून मातीत बसलेला एक माणूस.

मलाही तसं ऐकायचं होतं.

म्हणून हेवी लायसन्स काढलं. हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जुना असला की जड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळतो. माझा परवाना तर कधीचा जुना होऊन पाकिटात मऊ पडला होता. घरी सांगितलं, असू दे जवळ. पण ट्रेनिंग स्कूलच्या ट्रकमध्ये पहिल्यांदा उंच चढून बसलो, क्लच सोडला आणि पाठीमागचा तो सगळा भार आधी नाखुशीनं, मग एकदम विश्वासानं माझ्या मागे निघाला, तेव्हाच कळलं की हे नुसतं जवळ असू देण्यापुरतं नाही. मामाचा जुना सोबती अण्णा. त्याची स्वतःची दहा टायरांची गाडी आहे, आणि त्याचा जोडीदार ड्रायव्हर गावी परतला होता. अण्णानं मामाकडून निरोप धाडला. येतोस का?

बायकोनं निरोप शांतपणे ऐकून घेतला. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, त्या योगिता रघुवंशींचं वाचलंय ना तुम्ही? आपल्या नंदुरबारला वाढल्या. कॉमर्स शिकल्या, वकिली शिकल्या, आणि नवरा गेल्यावर भोपाळहून ट्रक चालवायला लागल्या. त्यांना मुलं वाढवायची होती." तव्यावरची पोळी उलटली, फुगली, खाली उतरली. "तुम्हाला काय वाढवायचंय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिनं ते मागितलंही नाही, ती फक्त दिवा मालवेपर्यंत वाट बघत राहिली.

मामाकडे गेलो. गुडघे गेलेत त्याचे, कंबरेला पट्टा आहे. इतकी वर्षं इंजिनाच्या उष्णतेशेजारी ठेवलेला डावा पाय आता उन्हातही गार पडतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास लिहिले होते, लांब पल्ल्याला फार तर दहा. मामाला तो कायदा कुणी वाचून दाखवला नव्हता. तो वाईट वाटून सांगत नाही, पावसाबद्दल बोलावं इतक्या सहज सांगतो. "हे बघ भाच्या," तो म्हणाला, "गाडी चालवणं तुला आवडणार, ते मी सांगायला नको. चालती गाडी सगळ्यांनाच आवडते. पण हे काम निम्मं उभं राहण्याचं आहे. भरायला उभं, काट्यावर उभं, शहराबाहेर उभं, खाली करायला उभं, आणि मग परतीच्या भाड्यासाठी उभं. आमच्या वेळी राज्याच्या हद्दीवर नाक्यांच्या रांगा. ते विक्रीकराचे नाके २०१७ साली जीएसटी आल्यावर उठले, पण उभं राहणं काही उठलं नाही. उभ्या गाडीत बसून बघ. मग ठरव."

रजा टाकली आणि फेब्रुवारीत अण्णाबरोबर निघालो. रांगडा कांदा भरला होता, दिल्लीच्या आझादपूर मंडीचा. कांद्याला वारा लागतो, नाहीतर तो आतून तापतो. म्हणून ताडपत्री वरून ताणून बाजूंना मोकळी सोडलेली. सुसाट निघालो की गोण्यांतून सुटलेली जांभळी सालं मागे उडत, आरशात मागच्या गाडीच्या उजेडात क्षणभर पेटल्यासारखी दिसत आणि अंधारात जात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. अण्णाची गाडी त्याआधीची, तिला खिडकीतून येईल तोच वारा. सप्तशृंगीच्या तसबिरीपुढे उदबत्तीची राख थरथरायची. चांदवडला रेणुकामातेच्या पायथ्याशी अण्णाचा हात स्टिअरिंगवरून आपोआप कपाळाला गेला, बिजासनच्या घाटात पुन्हा गेला. या रस्त्याची लांबी किलोमीटरनं कळत नाही, नद्यांनी कळते. मालेगावची गिरणा अंधारात गेली. धुळ्याला पांझरा. सावळद्याच्या पुलावर तापी, रुंद आणि फिकी, पहाट व्हायच्या बेतात. खलघाटला नर्मदा आली तेव्हा अण्णानं वेग कमी केला, काच खाली केली आणि न बघता एक नाणं पाण्यात भिरकावलं. ते पडल्याचा आवाज कुणालाच आला नसणार, तरी तो जरा वेळ कान देऊन होता. माझ्या हातात गाडी आली ती शिवपुरीच्या पुढे. मोरेना मागे पडल्यावर चंबळ आली, खोल, हिरवट, दोन्ही काठांनी फाटलेली माती, आणि माझ्या दोन्ही तळव्यांतून पुलाचा प्रत्येक सांधा वर चढत छातीपर्यंत गेला.

आझादपूरला माल उतरायला रात्र गेली. दिवसा शहरात मोठ्या गाड्यांना मज्जाव, म्हणून आधी बाहेर उभं राहणं झालंच होतं. आता हौदा झाडून घेतला, तळाशी उरलेली सालं, तुटलेली सुतळी, थोडी आपल्याकडची माती परक्या धुळीत पडली, आणि आम्ही संजय गांधी ट्रान्सपोर्टनगरात जाऊन परतीच्या भाड्याची वाट बघत उभे राहिलो.

ती दुपार मला जन्मभर पुरेल. शेकडो गाड्या, पंजाबच्या, तमिळनाडूच्या, नागालँडचे नंबर असलेल्या, सगळ्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आणि सगळ्या निश्चल. चेसीखाली सावलीत गोणपाट टाकून माणसं झोपलेली. कुणी स्टोव्हवर डाळ शिजवत होतं, कुणी बादलीत बनियन पिळत होतं, कुणी एजंटाच्या ऑफिसच्या पायरीवर मोबाइलकडे बघत बसलेलं. सुरुवातीला मला ते सोसवेना. पतसंस्थेतल्या दुपारसारखीच जड, रिकामी, कडेला धूळ साचलेली दुपार. याच्यासाठी आलो का, असं आत कुणीतरी स्पष्ट विचारलं. मग शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं घरी फोन लावला. काय बोलला ते कळलं नाही, भाषा दक्षिणेची होती. पण बोलणं संपल्यावरही फोन त्यानं कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडे बहुधा कुणी फोन ठेवायचं विसरलं होतं. भांड्यांचा आवाज, लहान मूल, एखादा दरवाजा, एवढंच येत असावं. डोळे मिटून तो माणूस आपलं घर ऐकत होता.

मामासारखाच.

तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं की मामाच्या त्या मिटल्या डोळ्यांत मी नेहमी फक्त रस्ता पाहिला होता. हे लोक दोन्हीकडे कान देऊन जगतात, आणि एकाचं ऐकताना दुसऱ्याचं न ऐकणं त्यांना परवडत नाही. घरात माझं शरीर रोज साडेसहाला येतं. मी किती वेळा येतो? हा प्रश्न मला घाबरवून गेला नाही. उलट उभ्या गाडीच्या त्या सावलीत मुलीचा आवाज, आईचं खोकणं, बायकोचं न बोलता वाट बघणं इतकं ठळक, इतकं जवळ ऐकू आलं की मी उठून बसलो. उभं राहणं मला जमेल. ते ओझं आहे, पण उचलता येण्याजोगं आहे.

संध्याकाळी भाडं मिळालं, नाशिकच्या अंबडला जाणारे यंत्रांचे सुटे भाग.

घरी येऊन बायकोला सांगितलं. म्हटलं, तू विचारलं होतंस ते वाढवायचं काय, त्याला अजून नीट उत्तर नाही. पण एखादं काम हातानं उचलून ठरल्या जागी नेऊन ठेवावं, ते झालं असं म्हणावं, आणि मग खरोखर घरी यावं, एवढं मला हवंय. तिनं ऐकून घेतलं. मग अटी घातल्या. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात ग्वाल्हेरच्या पुढे रात्री गाडी हाकायची नाही. डोळा जड झाला की वेळेचा, भाड्याचा विचार न करता गाडी बाजूला घ्यायची. घराचा हप्ता फिटेपर्यंत फंडाला हात लावायचा नाही. मुलीच्या दहावीचं वर्ष नाशिक जिल्ह्यातच काढायचं, मग मिळेल ते भाडं. हे सगळं अण्णाच्या तोंडून तिला ऐकायचं होतं, म्हणून मी तिथेच फोन लावून दिला. अण्णा बराच वेळ "हो वहिनी, हो वहिनी" म्हणत राहिला.

राजीनामा लिहून झाला. तिनं तो वाचला, एक काना दुरुस्त केला आणि कागद परत दिला.

"आईंना मात्र तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "आणि उद्या सकाळीच सांगा. त्या पाचला उठून तुमचा डबा करतात."