वाळवंटातली शिंपली

कोकणातल्या आमच्या घरांत आखाती देशांतून काय काय आलं, याची यादी करायला बसलं तर वही भरेल. खजूर आले, ब्लँकेटं आली, अत्तराच्या कुप्या आल्या, दूध पावडरचे डबे आले. कौलं जाऊन स्लॅब पडले, बहिणींची लग्नं झाली. पण ज्या जमिनीवर आपली माणसं वीस-वीस वर्षं राबली, त्या जमिनीची माहिती मात्र घरी फारशी आली नाही. "तिकडे काय, नुसती रेती," एवढ्यावर विषय संपतो.

माझे मिस्टरही हेच म्हणायचे. ते शारजाहला खोदाईच्या कामावर आहेत. आधी मजूर होते, मग मशीन चालवायला शिकले, आता फोरमन आहेत. वर्षातून एक महिना घरी येतात. मुलगा दहावीला गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाप-लेकाचं फोनवरचं बोलणं तीन वाक्यांत संपतं. अभ्यास चाललाय ना, नमाज पढतोस ना, अम्मीकडे फोन दे. भांडण नव्हतं, राग नव्हता. बोलायला विषयच नव्हता. आणि माझ्यासारख्या भाषा शिकवणाऱ्या बाईला, आपल्याच घरात दोन माणसांना शब्द सापडत नाहीत, हे जास्त लागत होतं.

मुलाची परीक्षा संपल्यावर आम्ही महिनाभरासाठी तिकडे गेलो. पहिला आठवडा मॉलमध्ये गेला. मग यांच्या एका सोबत्याने मलीहाला जाऊन या म्हणून सांगितलं. शारजाह शहरापासून पूर्वेला साधारण पन्नास किलोमीटर. आजूबाजूला तांबूस वाळूच्या टेकड्या आणि मधूनच वर आलेला दगडी डोंगर, जबल मलीहा. इंग्रजीत त्याला 'फॉसिल रॉक' म्हणतात, म्हणजे जीवाश्मांचा खडक. समुद्र तिथून कितीतरी दूर. पण डोंगराचा फिकट चुनखडक जवळून पाहिला की त्यात शिंपले दिसतात, शंखांची वळणं दिसतात, प्रवाळाची जाळी दिसते.

हा चुनखडक सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीचा. त्या वेळी इथे उबदार, उथळ समुद्र होता. त्यातले जीव मरून तळाशी साचत गेले, चुन्याचा चिखल त्यांच्यावर बसत गेला आणि त्याचाच दगड झाला. पुढे अरबस्तानची जमीन इराणच्या बाजूच्या जमिनीवर रेटली जाऊ लागली. त्या दाबाने हा तळ वर उचलला गेला. ऊन, वारा आणि क्वचित पडणारा पाऊस यांनी वरचे थर झिजवले आणि आतले शिंपले उघडे पडले.

ओळख पटवण्याचं काम मला वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं. आपण कोकणातल्या बायका. तिसऱ्या, खुबे, कालवं यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. तिसऱ्यांची दोन्ही झाकणं सारखी असतात, कालवाचं कवच ओबडधोबड आणि पापुद्र्यांचं असतं. दगडातलं कालवही तसंच दिसतं. शंख कापला गेला असेल तर आतलं चक्र दिसतं. चपट्या किंवा घुमटासारख्या दगडावर पाच पाकळ्यांचं फूल उमटलेलं दिसलं, तर तो समुद्रातला काटेरी प्राणी, सी-अर्चिन. काटे गळून गेलेले असतात, नक्षी राहते. कधी शिंपला विरघळून गेलेला असतो आणि आत भरलेला चिखलच दगड होऊन राहतो. तो शिंपल्याचा साचा. त्याला कवच नसतं, पण आकार हुबेहूब.

एक जीव मात्र आपल्या कुठल्याच बाजारात मिळणार नाही. त्याचं नाव रुडिस्ट. हेही दोन झाकणांचं शिंपलंच, पण एक झाकण शिंगासारखं किंवा आइस्क्रीमच्या कोनासारखं लांब आणि दुसरं त्यावर बसणारं टोपण. हे जीव 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्याच सुमाराला, जगातून नाहीसे झाले. म्हणजे ज्या दगडात रुडिस्ट जागच्या जागी दिसतो, तो दगड त्याहून जुना. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "मग आपल्याकडे कातळात का नाही दिसत असं काही?" उत्तर सोपं आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा, आणि त्याचे बहुतेक थर साचले ते याच 6 कोटी 60 लाख वर्षांच्या सुमारास. मलीहाचे शिंपले जिवंत होते तेव्हा आपला सह्याद्री नव्हताच.

तिथून काही उचलून आणायचं नसतं. जागा संरक्षित आहे आणि तसं नसतं तरी दगडातून काढलेला शिंपला अर्धा मुका होतो. तो कुठल्या थरात होता, शेजारी काय होतं, उभा होता की आडवा, हीच त्याची खरी हकीकत. आम्ही शेजारी एक दिरहमचं नाणं ठेवून फोटो काढले, म्हणजे आकार समजतो.

रात्री मुलगा अब्बांना फोटो दाखवत होता. यांनी पाहिले आणि सहज म्हणाले, "आमच्या खोदाईत असे टोपलीभर निघतात."

"मग कधी सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही."

पुढच्या सुटीच्या दिवशी हे आम्हाला उम्म अल कुवैनच्या बाजूला घेऊन गेले. किनाऱ्याजवळची सपाट, खारट जमीन. अरबीत तिला सबखा म्हणतात. वाऱ्याने वरची वाळू उडालेली आणि पांढरे शिंपले विखुरलेले. मुलाने एक उचलला आणि विचारलं, "हाही 7 कोटी वर्षांचा?"

हे हसले. त्यांनी तो शिंपला हातात घेऊन उलटा केला. आतली वाळू भुरभुर गळून पडली. "हलका आहे बघ. आतून पोकळ. दगडातला असता तर आत दगडच भरलेला असता, वजन लागलं असतं. हा तर अजून शिंपलाच आहे." मग खाली बसून त्यांनी बोटाने वाळूत रेघा ओढल्या. पायासाठी खड्डा खणताना वर वाळू लागते, मग मिठाची पपडी, मग राखाडी ओला चिखल, त्यात हे शिंपले आणि त्याखाली पाणी. मशीनच्या आवाजावरून थर बदलला ते कळतं, असं ते म्हणाले. मुलगा त्यांच्यासमोर उकिडवा बसून ऐकत होता. इतका वेळ त्याला अब्बांचं ऐकताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

यांनी सांगितलेलं बरोबरच होतं. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात जगातल्या समुद्रांची पातळी इतकी खाली गेली होती, की आजचं आखात कोरडी दरी होतं. बर्फ वितळल्यावर पाणी परत आलं आणि साधारण 6 हजार वर्षांपूर्वी ते आजच्यापेक्षा एक-दोन मीटर वर चढलं. किनारा आत सरकला, पुन्हा मागे गेला आणि शिंपले तिथेच राहिले. त्यांचे भाऊबंद आजही त्या किनाऱ्यावर सापडतात.

वाळवंटात तिसऱ्याही प्रकारचे शिंपले असतात. मलीहाजवळच जबल बुहैस आहे. तिथे सुमारे 7 हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची दफनभूमी सापडली. त्या कबरींत शिंपल्यांचे मणी होते, मोतीही होते. समुद्राने ते तिथे आणले नाहीत, माणसांनी आणले. म्हणून वाळूत शिंपला दिसला की तीन प्रश्न विचारायचे. जड आहे की हलका? दगडात रुतलेला आहे की मोकळा? त्याला भोक पाडलेलं, घासलेलं, म्हणजे माणसाचा हात लागलेला दिसतो का?

आमच्या घरात वडीलधारी माणसं अशा शिंपल्यांना हजरत नूह (अ.) यांच्या तुफानाची निशाणी म्हणत. मुलानेही ते विचारलं. मी त्याला म्हटलं, मोठ्यांच्या भावनेचा मान ठेवायचा आणि शिंपल्यालाही विचारायचं. मलीहाच्या खडकात रुडिस्ट आहेत, प्रवाळ आहे. हे जीव तळाला चिकटून, एका जागी वाढतात. पुराने वाहून आणलेला ढीग आणि पिढ्यान् पिढ्या वसलेली वस्ती, यांत फरक असतो.

या वाटेने विचार करणारी माणसं आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेली. अल-बिरुनी यांनी 1025 साली पूर्ण केलेल्या 'तहदीद निहायात अल-अमाकिन' या ग्रंथात लिहिलं आहे, की अरबस्तानचं वाळवंट एके काळी समुद्र होतं. पुरावा कोणता दिला? विहिरी आणि तळी खोदताना लागणारे माती, वाळू आणि गोट्यांचे थर, आणि फोडल्यावर ज्यांच्या आत शिंपले आणि कवड्या दिसतात असे दगड. काही शिंपले शाबूत, काही कुजून गेलेले आणि त्यांच्या आकाराची पोकळी मागे राहिलेली, हेसुद्धा त्यांनी नोंदवलं. त्यांच्याच काळातल्या इब्न सिना यांनी 'किताब अश-शिफा'मध्ये प्राण्यांचे आणि वनस्पतींचे दगड कसे होतात, याचा विचार मांडला. नमाज-रोजा पाळणाऱ्या या माणसांना जमिनीचे थर वाचताना ईमानाची भीती वाटली नाही.

मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बिरुनींचा पुरावा जमिनीखालून आला होता, आणि जमिनीखालचं पहिलं दिसतं ते खोदणाऱ्याला. त्याच्या हातात आलेल्या दगडाकडे कुणीतरी मन लावून पाहिलं, म्हणून ते इल्म झालं. आपल्या कितीतरी घरांतली माणसं आज दुबई, मस्कत, कुवेत, दम्माम इथे पाया खणताहेत, पाइप टाकताहेत, रस्ते करताहेत. त्यांच्याकडे डिग्री नसेल, पण त्यांनी जे पाहिलंय ते आपल्या मुलांच्या पुस्तकात नाही.

माझा मुलगा आता अकरावी सायन्सला आहे. भूगर्भशास्त्र घेईल की नाही, ते अल्लाहला माहीत. मी त्याला आग्रह केलेला नाही. पण फोन आता माझ्याकडे लवकर येत नाही. आज कुठे खणलं, काय लागलं, पाणी किती खाली होतं, अशी त्यांची बोलणी चालतात. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुरा आणि वाळू घट्ट होऊन झालेला 'करल' नावाचा दगड मिळतो. तो दाखवायला मुलगा अब्बांना या सुटीत घेऊन जाणार आहे.

तुमच्या घरातलं कुणी आखातात असेल, तर पुढच्या फोनला पैसे, पार्सल आणि तब्येतीच्या आधी एक प्रश्न मुलांना विचारू द्या: "तुम्ही जिथे काम करता, तिथल्या जमिनीत काय निघतं?" पहिलं उत्तर कदाचित "रेती" असंच येईल. मुलांना सांगा, थोडं थांबा आणि पुन्हा विचारा.