बालीच्या अंगणात दहा दिवस

संपादक मंडळाने प्रवासवर्णन मागितले खरे. परंतु बालीचे समुद्रकिनारे, धबधबे आणि हॉटेले यांविषयी सांगण्यासारखे आमच्याजवळ फार थोडे आहे. आम्ही उभयता याच शाळेचे माजी विद्यार्थी, आणि सोबत आमची ७१ वर्षांची आई. दहा दिवस आमचा मुक्काम उबूडजवळच्या एका खेड्यात, एका शेतकरी कुटुंबाच्या अंगणात होता. तेथे जे पाहिले तेवढेच लिहितो.

अंगण हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. बालीतील घर म्हणजे एक इमारत नव्हे. चार भिंतींच्या आवारात स्वयंपाकघर वेगळे, झोपण्याची खोली वेगळी, समारंभाचा उघडा मंडप वेगळा, आणि डोंगराकडच्या कोपऱ्यात घरचे देऊळ. ‘डोंगराकडे’ आणि ‘समुद्राकडे’ या तेथल्या मुख्य दिशा. दारातून आत पाऊल टाकताच समोर आडवी भिंत येते. दुष्ट शक्तींना सरळ रेषेतच चालता येते, वळता येत नाही, अशी समजूत. हे ऐकून आई म्हणाली, “मग आपल्या पेठांतल्या बोळांत एकही भूत शिरायचं नाही.”

घरच्या बाईंना आम्ही ‘इबू’ म्हणत असू. आई किंवा बाई या अर्थाचा हा आदराचा शब्द. नावे घेऊन ओळख ठेवणे कठीणच, कारण सर्वसामान्य घरांत पहिले अपत्य वायान, दुसरे माडे, तिसरे न्योमान, चौथे कतुत, आणि पाचव्यापासून पुन्हा वायान. गल्लीत एक हाक मारली की तिघेजण वळून पाहतात. स्वयंपाक सकाळी एकदाच होतो. भात, नारळ घातलेली भाजी, तिखटजाळ सांबाल झाकून ठेवतात आणि ज्याला भूक लागेल तो येऊन एकटा जेवतो. पंगत सणावारीच. आईला हे शेवटपर्यंत रुचले नाही. मात्र रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण “कुठे निघालात?” आणि तिन्हीसांजेला “आंघोळ झाली का?” असे विचारी, त्याने ती सुखावत असे. ही चौकशी नव्हे, नमस्कार आहे, हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

सकाळी इबू चानांग करीत. कोवळ्या माडाच्या पातीची तळहाताएवढी चौकोनी परडी, तीत पांढरी, तांबडी, पिवळी आणि निळी वा हिरवी फुले आपापल्या दिशेला, वर चिमूटभर भात, कधी बिस्किट, कधी गोळीदेखील. ती देवळात, चुलीपाशी, दुचाकीवर, दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवतात आणि वर उदबत्ती लावतात. जमिनीवर ठेवलेल्या नैवेद्यातला भात कोंबड्या लगेच टिपतात, त्याची कोणाला खंत नाही.

परडी टाचण्यासाठी बांबूची बारीक काडी लागते. तिसऱ्या दिवशी आई इबूंच्या शेजारी जाऊन बसली आणि न विचारता पात हाती घेतली. तिच्या लहानपणी सासवडकडच्या गावी घरात पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावीत. पान दुमडून काडी कशी आरपार न्यायची हे बोटांना पाठ होते. दोघींमध्ये एका शब्दाचीही भाषा समान नव्हती. तासाभरात चाळीसएक परड्या झाल्या. ज्या पत्रावळींवर गावची लग्ने जेवली त्या लावणाऱ्यांना पंगतीत जागा नव्हती, हे आईने आम्हांला फार पूर्वी सांगितले होते. त्या दिवशी तिने त्याचा उच्चार केला नाही.

परड्या ठेवण्याची वेळ आली की आई ओट्यावरच बसून राही. १९५६ नंतर आमच्या घरात देवपूजा नाही. इबूंनी कधी कारण विचारले नाही.

मग गावच्या देवळाचा उत्सव आला. तो २१० दिवसांच्या वर्षाने येतो. इबूंनी आम्हां सर्वांसाठी लुंगी आणि कमरेचा पट्टा आणून दिला. तेवढे नेसले की कोणीही यावे. दारातील फलकावर मासिक पाळीतील स्त्रियांना मात्र मनाई होती. आमच्यातल्या एकीच्या कपाळाला तेव्हाच आठी पडली. आई दारापाशी थांबली. तिचे आजोबा १९२९ च्या १३ ऑक्टोबरला पर्वतीच्या पायऱ्यांशी सत्याग्रहात होते. दगड खाल्ले, दार उघडले नाही. “पूजेला नाही येत,” ती इबूंना मराठीतच म्हणाली, “पण तू बोलावलंस म्हणून येते.” आत पांढऱ्या वस्त्रातला पुजारी तीर्थ शिंपडत होता. तो ब्राह्मण नव्हता. गावच्या देवळांचे हे पेमांकू बहुधा सामान्य शेतकरी घरांतलेच असतात. आईने ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

येथेच थांबलो असतो तर आम्हीही ‘बालीत जात नाही’ असे सांगत परतलो असतो.

दोन दिवसांनी एक वृद्ध गृहस्थ आले. इबू ओट्यावरून उतरून खालच्या पायरीवर बसल्या. त्यांचा आवाज बारीक झाला, शब्द निराळे आले. गृहस्थ मात्र नेहमीच्या साध्या भाषेत उत्तरे देत होते. आई भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, “मोठ्या जातीचा आलाय का?”

तसेच होते. त्यांचे नाव ‘इदा बागुस’ने सुरू होत होते, म्हणजे ते ब्राह्मण. इबूंच्या मुलाने रात्री सविस्तर सांगितले. बाली भाषेत उच्च आणि नीच अशा पायऱ्या आहेत. खालच्याने वरच्याशी उच्च भाषेत बोलावे, वरच्याने साध्या भाषेत उत्तर द्यावे. अनोळखी माणूस भेटला तर “आपण कुठे बसता?” असे विचारण्याची जुनी रीत आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक लोक शूद्र गणले जातात. अस्पृश्यता नाही, देवळे सर्वांना खुली, हे खरे. परंतु उच्च जातीच्या मुलीने खालच्याशी लग्न करणे हा १९५१ पर्यंत दंडनीय अपराध होता. त्या साली तेथील प्रतिनिधिसभेने तो कायदा काढून टाकला. लोहारकाम करणाऱ्या पांदे लोकांची गोष्ट आम्हांला विशेष वाटली: ते ब्राह्मणाचे तीर्थ घेत नाहीत, त्यांचे पुरोहित त्यांचेच.

बंजार या वस्तीच्या संस्थेविषयीही आमचे मन असेच दुभंगले. लाकडी कुलकुल वाजले की घरटी माणूस हजर. कोणाचे प्रेत असो वा रस्त्याची दुरुस्ती, एकट्यावर भार पडत नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीसाठी सभा भरत नाही, तेथे हे पाहून हेवा वाटला. पण हीच बंजार एखाद्या घराला वाळीतही टाकते, मग त्याच्या प्रेताला स्मशानात जागा मिळणे दुरापास्त. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा का करावा लागला, हे आमच्या वाचकांना सांगणे नको.

निघण्याच्या आदल्या दिवशी बेदुलूजवळच्या गोआ गजाला गेलो. अकराव्या शतकातली ही गुहा पाहायला गर्दी असते. तिच्यामागे ओढ्यात उतरणाऱ्या पायऱ्यांकडे फारसे कोणी जात नाही. तेथे कड्यावरून कोसळलेल्या शिळेवर छत्रावलीसह कोरलेला स्तूप पडून आहे. जवळच्या पेजेंग येथे मातीचे लहान स्तूप सापडले आहेत. त्यांतील आठव्या शतकातल्या मुद्रांवर प्रतीत्यसमुत्पादाचे संस्कृत वचन आहे. बालीतल्या पुरोहितांत आजही शैव आणि बौद्ध असे दोन वर्ग आहेत, आणि बौद्ध पुरोहितही ब्राह्मण घराण्यांतलेच असतात, हे आईला पटवता पटवता आमची दमछाक झाली. “बौद्ध आणि परत ब्राह्मणच?” ती पायऱ्यांवर दम खात विचारीत राहिली.

शिळेपुढे कोणीतरी सकाळची चानांग ठेवली होती. आईने पिशवीतून स्वतः केलेली परडी काढली, तीतली गोळी शेजारच्या पोराच्या हातावर ठेवली, भात मुंग्यांना टाकला आणि फक्त फुले शिळेवर वाहिली. मग त्रिशरण म्हटले. आम्हीही मागून म्हटले.

इबूंचा दूरध्वनी अधूनमधून येतो. तेथे घड्याळ अडीच तास पुढे असते, त्यामुळे आमच्याकडे दुपारचा चहा व्हायचा असतो तेव्हाच त्या आईला विचारतात, आंघोळ झाली का? एवढे वाक्य आईने त्यांच्या भाषेत शिकून घेतले आहे.