ज्युरीत वाहतूक नियंत्रक

डिझाइनच्या शिक्षणात परीक्षा म्हणजे ज्युरी. भिंतीवर शीट्स लागतात, टेबलावर मॉडेल्स मांडली जातात, समोर प्राध्यापक आणि बाहेरून आलेला एखादा व्यावसायिक डिझायनर बसतो. विद्यार्थिदशेत मी अशा ज्युऱ्या दिल्या, काही वर्षं व्यवसाय केला आणि मग पुण्यातल्या एका विद्यापीठात शिकवायला लागल्यावर ज्युऱ्या घेऊही लागले. तिथे एक माणूस मला कधी दिसला नाही. ती वस्तू उद्या ज्याच्या हातात पडणार, तो.

आपल्याकडच्या डिझाइन शिक्षणाचा पाया मात्र त्याच माणसाकडे बघून घातला गेला होता. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला. देशात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत मोठा वाटला तो आपला लोटा. तो डोक्यावर नेतात की कमरेवर, भरलेला असताना तोल कुठे जातो, रिकामा असताना कुठे, ओतताना पाणी कसं पडतं, आतून घासता येतो का, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो, इतका बारीक विचार त्यांनी केला आणि म्हटलं, की ही वस्तू कुणा एकाची असूच शकत नाही. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ साली पवईच्या आयआयटीत आयडीसी (इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर) ही संस्था सुरू झाली. जर्मनीत उल्मला शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णी यांनी ती घडवली.

म्हणून पहिल्या वर्गात मी टेबलावर पितळी तांब्या ठेवते. मुलं लगेच पेन्सिली काढतात. त्या बाजूला ठेवायला लावून मी सांगते, भरा, उचला, ओता, घासा. मग बोलणं सुरू होतं. गळ्याशी बोटं आपोआप का बसतात, ओल्या हातातूनही तो का निसटत नाही, काठ बाहेर वळवलेला का आहे. घरी रोज तांब्या हाताळणारी मुलगी त्या दिवशी वर्गात सगळ्यांत जास्त बोलते आणि महागड्या शाळेतून आलेली मुलं तिचं ऐकतात. मला शिकवण्यातला तो दिवस फार आवडतो.

एका सत्रात विषय दिला होता एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फलकाचा. मुलांनी आधी लॅपटॉपवरच काम उरकलं. रंगसंगती सुरेख, चिन्हं नेटकी, कोपऱ्यात क्यूआर कोड. मी त्यांना एका तालुक्याच्या स्टँडवर नेलं, चौकशीच्या खिडकीजवळ उभं केलं आणि लोक जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितलं. "लागली का?" "गेली का?" "कुठल्या फलाटाला?" "आमच्या फाट्यावर थांबंल का?" आणि पुन्हा पुन्हा येणारा एक प्रश्न, "माघारी यायला शेवटची किती वाजता?"

हा प्रश्न मुलांना सुचणं शक्यच नव्हतं, कारण त्यांच्यापैकी कुणी शेवटच्या गाडीच्या भरवशावर दवाखान्यात किंवा कचेरीत गेलेलं नव्हतं. गाडी चुकली तर रात्र स्टँडवर काढावी लागते, हे त्यांना खिडकीजवळच्या एका आजींनी सांगितलं. परतल्यावर आराखडा मुळापासून बदलला. गाड्या वेळेच्या क्रमानं न लावता रस्त्यांप्रमाणे लावल्या, प्रत्येक रस्त्यावरची मधली गावं लिहिली आणि शेवटी परतीच्या अखेरच्या गाडीचा रकाना आला.

अक्षरांचा प्रश्न उरला होता. देवनागरीत ओळीच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार येतात आणि खाली उकार, जोडाक्षरं. दोन ओळींतलं अंतर चोरलं, की लांबून सगळा गुंता दिसतो. आयडीसीत अनेक वर्षं शिकवलेल्या र. कृ. जोशी यांनी बोरूच्या अक्षरांपासून संगणकावरच्या 'मंगल' या टंकापर्यंतची वाट स्वतः घडवली, म्हणून मीही मुलांना आधी बोरू धरायला लावते. रोमन लेखणीच्या उलट दिशेनं त्याची छाट असते, हे हातानं लिहिल्याशिवाय कळत नाही. त्या सत्रात आम्ही पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकाकांनाही बोलावलं होतं. मुलांची शीट पाहताच ते म्हणाले, "हा ल आपला नाही." खरंच तो हिंदीतला दंडाचा ल होता. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा, असं राज्य शासनानं २००९ सालच्या निर्णयात स्पष्ट केलेलं आहे. काकांनी तो निर्णय वाचलेला नसावा. त्यांना तो ल हातानं माहीत होता.

मग ज्युरी. त्या स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक यायला तयार झाले. पहिल्या मुलीनं सवयीनं इंग्रजीत सुरुवात केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि मराठीत वळली. शब्द अडखळले, पण मुद्दे पहिल्यांदाच नीट कळले. इंग्रजीतल्या मोठमोठ्या शब्दांखाली जे झाकलं जातं, ते मराठीत सरळ सांगावं लागतं. नियंत्रकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, गाडी रद्द झाली तर मी हे कुठं लिहू? पावसाळ्यात घाट बंद झाला की तुमचा अर्धा फलक खोटा ठरतो."

आमच्यापैकी कुणीच हे विचारलं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक ओळीपुढे खडूनं लिहिता येईल अशी काळी पट्टी आली, तीही त्यांचा हात पोचेल इतक्या उंचीवर. माझ्या मते त्या सत्रातला सर्वांत चांगला निर्णय तोच. तरी गुणपत्रकावर सही आम्हा प्राध्यापकांची होती, कारण त्यांच्या मताला गुण देण्याची नियमांत सोय नव्हती.

डिझाइन शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती आहे. पुढच्या ज्युरीला ती वस्तू वापरणाऱ्या एका माणसाला बोलवा, बाहेरच्या परीक्षकाला देतो तसंच त्याला मानधन आणि प्रवासखर्च द्या, त्याच्या भाषेत बोला आणि गुणांतला एक हिस्सा त्याच्या हातात ठेवा.