परगांवचें वेळापत्रक

नोकरीनिमित्त घर मागें ठेवून परगांवीं एकटें राहणाऱ्या गृहस्थाची लोक मनापासून कींव करतात. खाणावळीचें जेवण, कुलूप उघडून अंधाऱ्या खोलींत शिरणें, आजारपणांत पाणी देणारें माणूस जवळ नसणें, अशीं दुःखें ते त्याच्यापुढें एक एक करून मांडतात. आणि तोहि चेहरा शक्य तितका उदास करून मान डोलावतो. पण त्या वेळीं त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यांत एक गुप्त आनंद नांदत असतो, हें कींव करणारांच्या लक्षांत येत नाहीं. वर्षानुवर्षें लांबणीवर पडलेला आत्मसुधारणेचा मुहूर्त आतां आला, असें त्याला वाटत असतें. पहांटे उठावयाचें, व्यायाम करावयाचा, गोड सोडावयाचें, अर्धवट राहिलेलीं पुस्तकें पुरीं करावयाचीं! घरीं असतांना यांतलें कांहींच कां झालें नाहीं? तर पाहुणे होते, लग्नमुंजी होत्या, दळणाचा डबा होता, गॅसचा सिलिंडर होता. आतां यांपैकीं कोणीहि आड येणार नाहीं. आतां आपण आणि आपलें वेळापत्रक!

तीन वर्षांपूर्वीं माझी बदली पुण्याहून अमरावतीला झाली, तेव्हां मीहि असें एक वेळापत्रक तयार केलें. महाविद्यालयांत इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला या गोष्टीचा सोस थोडा अधिकच असतो. त्याचें सारें आयुष्य तासांच्या घंटेवर गेलेलें असतें. पांच वाजतां उठणें, बारा सूर्यनमस्कार, पाऊण तास फिरणें, रात्रीं एक तास संस्कृत नाटक मुळांतून वाचणें, दहाला दिवा बंद, असा तो कागद मीं कपाटाच्या दाराला आंतल्या बाजूनें चिकटवला. हौसेखेरीज त्याला दुसरेंहि एक कारण होतें. पन्नाशी उलटल्यावर माझ्या रक्तांतली साखर वाढल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. माझ्या वडिलांना हाच विकार होता. शेवटचीं चार वर्षें त्यांना वर्तमानपत्राचे मथळेहि दिसत नसत. मी वाचून दाखवूं लागलों, कीं चार ओळी ऐकून ते "राहूं दे" म्हणत आणि खिडकीकडे तोंड वळवीत. मला अक्षरें त्यांनींच शिकवलीं होतीं. त्यामुळें व्यायाम हा विषय माझ्यापुरता केवळ गमतीचा राहिलेला नाहीं.

अमरावती हें गांवहि व्यायाम टाळणाऱ्याला सबब पुरवणारें नव्हे. येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचें. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं या मंडळाच्या पथकानें तेथें भारतीय व्यायामप्रकारांचीं प्रात्यक्षिकें करून दाखवलीं होतीं. जेथली कसरत बर्लिनपर्यंत जाऊन आली, तेथें राहून "जमत नाहीं" असें म्हणावें तरी कोणत्या तोंडानें? तरीहि दुसऱ्या महिन्यापासून माझ्या कागदावरचीं कलमें एक एक करून गळूं लागलीं. सूर्यनमस्कार आधीं बाराचे सहा झाले; नाटकाचा दुसरा अंक कांहीं उघडेना. मात्र एक कलम टिकलें. कोणतें गळलें आणि कोणतें टिकलें, याचा विचार करतां करतां मला ही गोष्ट माझ्या एकट्यापेक्षां मोठी वाटूं लागली.

या बाबतींत थोरांची संगत मिळते. १७२६ सालीं बेंजामिन फ्रँकलिन लंडनहून फिलाडेल्फियाला परत निघाला, तेव्हां वीस वर्षांच्या त्या तरुणानें जहाजावरच पुढील आयुष्यांत कसें वागावयाचें याचा आराखडा केला. पुढें त्यानें १३ सद्गुणांची यादी करून एका छोट्या वहींत त्यांचे रकाने आंखले. आठवड्याला एक सद्गुण, १३ आठवड्यांचा एक फेरा, वर्षांत चार फेरे. आणि चूक झाली कीं रकान्यांत काळा ठिपका. इतकें करूनहि व्यवस्थितपणा कांहीं साधला नाहीं, असें त्यानेंच आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगून टाकलें आहे.

आपल्याकडचें उदाहरण याहून बोलकें आहे. गांधीजी १८८८ सालीं बॅरिस्टर होण्यासाठीं लंडनला गेले. इंग्रजी पद्धतीचा सभ्य गृहस्थ होण्याच्या उमेदीनें त्यांनीं नाचाचे धडे घेतले, तीन पौंड मोजून व्हायोलिन विकत घेतलें, वक्तृत्वासाठीं शिक्षक धरला. हा खटाटोप सुमारें तीन महिने टिकला आणि व्हायोलिन विकावयाची वेळ आली. त्याच लंडनमध्यें त्यांनीं आणखी एक गोष्ट सुरू केली होती. गाडीभाडें वांचावें म्हणून, जेथें काम असेल तेथून अर्ध्या तासाच्या वाटेवर खोली घ्यावयाची आणि पायीं जावयाचें. रोज आठ-दहा मैल चालणें होऊं लागलें. तें चालणें मात्र जन्मभर टिकलें. १९३० सालीं साबरमती ते दांडी ही सुमारें २४० मैलांची वाट त्यांनीं तुडवली, तेव्हां ते साठ वर्षांचे होते. जोहान्सबर्गला गीता पाठ करावयाचें मनांत आलें तेव्हांहि त्यांनीं वेगळा तास काढला नाहीं. सकाळीं दांत घासण्याचीं १५ मिनिटें होतींच. समोरच्या भिंतीवर श्लोकांच्या चिठ्ठ्या चिकटवून त्या वेळांत पाठ करावयाचें आणि आंघोळ करतांना उजळणी करावयाची, अशा रीतीनें त्यांचे १३ अध्याय झाले. व्हायोलिनला स्वतंत्र वेळ हवा होता. चालण्याला आणि गीतेला तो नको होता. दिवसांत जी खुंटी आधींच ठोकलेली होती, तिच्यावरच तीं दोन्ही टांगलेलीं होतीं.

मानसशास्त्रज्ञांचेंहि म्हणणें याच्या जवळ येतें. वेंडी वुड या अमेरिकन विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं, एका विद्यापीठांतून दुसऱ्या विद्यापीठांत गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम, वर्तमानपत्रवाचन अशा संवयी तपासल्या. तो अभ्यास २००५ सालीं प्रसिद्ध झाला. नव्या ठिकाणीं भोंवतालची परिस्थिति जुन्यासारखीच राहिली, तेथें संवय टिकली. ती जेथें बदलली, तेथें तेंच काम दर वेळीं मनाशीं ठरवून करण्याचें होऊन बसलें. पुण्याला मी वीस वर्षें पर्वती चढत होतों. पण तें सारें पुण्य एकट्या माझ्या नांवावर जमा करतां येणार नाहीं. साडेपांचाला पायथ्याशीं वाट पाहणारे दोन मित्र होते, आणि परततांना दूध आणावयाचें असे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या या दोन खुंट्यांना टांगलेल्या होत्या.

अमरावतीला नवी खुंटी शोधणें भाग होतें. बिऱ्हाडाशेजारची खाणावळ सोडून मीं दीड मैलावरची धरली, आणि रात्रीच्या जेवणाला पायीं जाण्याचा परिपाठ ठेवला. उन्हाळ्यांत येथील पारा ४५ अंशांकडे झुकतो. पण सूर्य मावळल्यावर रस्ता चालण्याजोगा होतो. खाणावळीच्या मावशी पहिल्या आठवड्यांत म्हणाल्या, "काहून येता जी सर एवढ्या दुरून? पोरगा डबा नेऊन देईल ना!" मीं सांगितलें, "मावशी, चालल्याखेरीज तुमच्या पातोडीचा रस्सा मला पचायचा नाहीं." भूक हा फार भरंवशाचा गडी आहे, तो रोज त्याच वेळीं दाराशीं येऊन उभा राहतो. जाऊन-येऊन तीन मैल, म्हणजे सुमारें ६,००० पावलें होतात. माझ्या मनगटावरचें घड्याळ १०,००० चा आग्रह धरतें. पण हा आंकडा वैद्यकानें ठरवलेला नाहीं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानांत पावलें मोजण्याचें एक यंत्र विकावयास आलें. त्याच्या नांवाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. तेथून हा आंकडा जगभर गेला. वृद्ध अमेरिकन स्त्रियांविषयीं २०१९ सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांत पावलांचा लाभ सुमारें ७,५०० पर्यंत वाढत जाऊन पुढें स्थिरावलेला आढळला. त्यामुळें घड्याळाची नाराजी मी फारशी मनाला लावून घेत नाहीं.

येथवरची हकीकत एका गृहस्थाच्या प्रकृतीची झाली. पुढची त्याच्या घराची आहे.

पुण्याला माझी पत्नी आणि आई असतात. पत्नी बँकेंत नोकरी करते. आई ८६ वर्षांची; गुडघे आखडल्यामुळें चार पायांच्या आधारानें घरांतल्या घरांत चालते. तिच्याकडे पाहावयास दिवसा एक बाई येतात, त्या दहा ते सहा. रोज रात्रीं पत्नीचा पहिला प्रश्न असतो, "आज किती चाललात?" मी आंकडा सांगतों. एकदां तोच प्रश्न मीं तिला केला. ती हंसून म्हणाली, "मी? स्वयंपाकघर ते आईंची खोली! घड्याळ बांधलं तर तुमच्याहून जास्त भरतील." मी पुण्याला होतों तेव्हां आमचा एक अलिखित करार होता. मी पर्वतीवरून दूध घेऊन आलों, कीं ती फिरावयास निघे. माझी बदली झाली, आणि सकाळीं आईजवळ बसणारें दुसरें माणूस घरांत उरलें नाहीं. तिचें फिरणें त्या दिवसापासून बंद होतें. तीहि आतां पन्नाशींत आली आहे. तिच्या माहेरींहि रक्तदाबाचा इतिहास आहे.

परगांवीं माणसाला जो मोकळा वेळ सांपडतो तो आकाशांतून पडत नाहीं. दळणाचा डबा आणि गॅसचा सिलिंडर नाहींसे झालेले नसतात; ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं गेलेले असतात. एका खात्यांत जमा झालेला तास दुसऱ्या खात्यांतून वजा झालेला असतो. आत्मसुधारणेवर लिहिलेल्या पुस्तकांत ही वजाबाकी मला कोठें आढळली नाहीं. फ्रँकलिनच्या वहींत १३ रकाने आहेत. पण तो ठिपके देत बसला असतां घर कोण सांभाळीत होतें, याचा त्यांत एकहि रकाना नाहीं.

यावर तोड काढली ती पत्नीनेंच. ती म्हणाली, "सकाळी अर्धा तास तुम्ही फोनवर आईंच्या समोर बसत असाल, तर मी खाली जाऊन येईन. किल्ली शेजारच्या वहिनींकडे देऊन ठेवते." आतां रोज साडेसहाला आईच्या खोलींतल्या टेबलावर फोन उभा केला जातो, आणि ६०० किलोमीटरांवरून मी तिच्यासमोर हजर होतों. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनीं तिला खुर्चीवरून दहा वेळां उठावयास व बसावयास सांगितलें आहे. एकटीनें करावयाचा तिला कंटाळा येई. आतां तिच्याबरोबर मीहि माझ्या खुर्चीवरून उठतों आणि बसतों. मोजण्याचें काम तिचें. धान्य मापतांना मोजतात तसें ती 'एक' म्हणत नाहीं, 'लाभ' म्हणते. मग दोन, तीन. दहा झाले कीं मी पोथीच्या कांहीं ओव्या वाचतों. वडिलांनीं जें वाचन ऐकून घेतलें नाहीं, तें ती ऐकते. पण फुकट नव्हे. "अरे, ओवी अशी धावत वाचू नको, तिला बसायला जागा दे," असें तिनें मला परवांच बजावलें. तीस वर्षें कविता शिकवणाऱ्या माणसाला ही शिकवणी रोज सकाळीं मिळते. कपाटावरच्या कागदांत हें कलम नव्हतें, आणि तेंच आज सर्वांत पक्कें आहे. कारण त्याची खुंटी माझ्या भिंतींत नाहीं, घरच्या भिंतींत आहे. मीं एक दिवस चुकवला तर तिघांचा दिवस चुकतो.

साखरेचें काय झालें असें कोणी विचारील. तीन महिन्यांच्या सरासरीचा आंकडा ७.५ वरून ६.८ वर आला आहे, आणि डॉक्टर समाधानी आहेत. घरीं परत गेल्यावर खाणावळीची वाट नसेल, तेव्हां तो किती राहतो हें पाहावयाचें. मे महिन्याची आणि दिवाळीची सुटी ही त्या दृष्टीनें मला चाचणी परीक्षा वाटते. सुटींत साडेसहाला आईसमोर मी खराखुरा बसतों, आणि मोजणी 'लाभ' पासूनच सुरू होते.

अलीकडे पत्नीची मागणी वाढली आहे. अर्ध्या तासांत पर्वतीच्या अर्ध्या वाटेवरूनच परतावें लागतें. पाऊण तास मिळाला तर देवळापर्यंत जाऊन येतां येईल, असें तिचें म्हणणें आहे. म्हणजे फोनची वेळ सव्वासहाला आणणें आलें, आणि मला आणखी लौकर उठणें आलें. पहांटे पांचचें तें कलम त्या जुन्या कागदावर अद्याप आहेच. त्याची अंमलबजावणी सोमवारपासून करावयाची, असें पुण्याहून कळवण्यांत आलें आहे.