हात न लावायची गाडी

आमच्या घरात नवी गाडी कधी आली नव्हती. गाड्या पुष्कळ येत, पण त्या दुसऱ्यांच्या आणि आजारी. अब्बांचं गॅरेज जळगावला अजिंठा चौफुलीकडे होतं. शाळा सुटली की आम्ही भावंडं तिथंच. रॉकेलच्या घमेल्यात बेअरिंग धुवायचं, मागितला तो पाना हातात द्यायचा, आणि मगरिबच्या आधी हात साबणाने घासून घरी जायचं. नखांतलं काळं मात्र जात नसे. वर्गात बाई हात पुढे करायला सांगत, तेव्हा आम्ही ओळखू येत असू.

अब्बांकडे लोक गाडी फक्त दुरुस्त करायला आणत नसत, बदलायलाही आणत. तेव्हा अ‍ॅम्बेसेडरला गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असे. ड्रायव्हर लोक त्याला हँडगिअर म्हणत. त्याचे खालचे सांधे झिजले की दोन गिअर एकदम अडकत, मग भर रस्त्यात बॉनेट उघडून सळ्या हलवाव्या लागत. कंटाळलेले मालक अब्बांना म्हणत, मिस्त्री, गिअर खाली आणून द्या. अब्बा भंगारातून माल जमवून दांडा दोन सीटच्या मधे आणून देत. काळीपिवळी चालवणाऱ्यांची मागणी उलटी. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे अशी त्यांची कमांडर जीप भरून वाहायची. ड्रायव्हरशेजारी आणखी एक माणूस कोंबायचा म्हणून ते गिअरचा दांडा वाकवून मागत. अब्बा कुरकुर करत आणि काही वेळा ठाम नाही म्हणत. पण ज्या कामाला हो म्हणत, त्याची जबाबदारी त्यांची असे. कागद नव्हता, बिलही बहुधा नव्हतं. "चार दिन चलाके देखो, कुछ लगा तो ले आना," एवढंच. गिऱ्हाईक परत आलं तर पैशांची गोष्ट निघत नसे.

आमच्यातल्या थोरल्या भावाने हा हुनर पुढे नेला. भाईजानचं गॅरेज धुळ्याला, पारोळा चौफुलीच्या बाजूला. बाकीचे आम्ही मास्तर, कारकून, एक जण बँकेत. 2006 साली सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा त्यात वाचलं, की मोटारदुरुस्तीच्या धंद्यात मुसलमानांचं प्रमाण बरंच आहे. भाईजानना सांगितलं. ते म्हणाले, हे सांगायला समिती कशाला, चौफुलीवर येऊन उभं राहा.

तर 2023 मध्ये आपाच्या मुलाने कोरी गाडी घेतली. पोरगं डिप्लोमा करून नोकरीला लागलेलं. पेढे वाटले, अम्मीने दुआ पढून काचेवर फुंकर मारली. भाईजान धुळ्याहून आले, बॉनेट उघडलं, बघितलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. शोरूमवाल्याने पोराला बजावून सांगितलं होतं, बाहेर कुठं उघडू नका, वॉरंटी जाईल. तीन पिढ्यांत पहिल्यांदा दारात अशी गाडी उभी होती, जिला घरच्या मिस्त्रीने हात लावायचा नव्हता.

पोराला मात्र चैन नव्हतं. सहा महिन्यांत त्याने एक किट मागवलं, शॉर्ट शिफ्टर नावाचं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गिअरचा दांडा म्हणजे साधी तरफ, पाटावरच्या सी-सॉसारखी. समजा टेकूच्या वर दांडा 24 सेंटीमीटर आहे आणि खाली 4. मग खालचं टोक एक सेंटीमीटर हलवायला वरची मूठ सहा सेंटीमीटर हलते. खालचा भाग लांबवून 6 केला, तर मूठ चारच सेंटीमीटर हलवावी लागते. गिअर चटकन पडतो, हाताला मजा येते. पण तरफ फुकट काही देत नाही. मूठ एक तृतीयांश कमी हलते, तेव्हा जोर दीडपट लागतो. आणि गिअरबॉक्सच्या आतल्या सिंक्रो रिंगांना दोन चाकांचा वेग जुळवायला क्षणभर वेळ लागतो. घाई करून दांडा ठोसला तर त्या झिजतात. किटमध्ये रबराच्या जागी धातूचे बुश असतील तर गाडीची थरथरही हातात येते.

पोरगं किट घेऊन धुळ्याला गेलं. आम्हीही सोबत होतो, पारोळ्याला चहा घेऊन.

"मामू, डाल दो."

"डालेंगे. पहले किताब पढ."

किताब म्हणजे वॉरंटीची पुस्तिका. भाईजानचं शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी पोराकडून दर ओळ वाचून घेतली आणि तिचा अर्थ आम्हाला विचारला. बारीक टाईपात लिहिलं होतं, की फेरफार केल्यामुळे आलेला बिघाड वॉरंटीत बसणार नाही. भाईजान तिथं थांबले. "फेरफार केल्यामुळे, असंच आहे ना? फेरफार केला म्हणून, असं नाही ना?" आम्ही दोनदा वाचलं. "मुळे"च होतं.

आम्ही मास्तर लोक, मग कायदा धुंडाळायला बसलो. पहिली भीती आर.टी.ओ.ची. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. पण आर.सी.वर चॅसीचा, इंजिनाचा नंबर असतो, इंधन असतं, आसनं असतात. गिअरच्या दांड्याची लांबी नसते. दुसरी गोष्ट वॉरंटीची. अमेरिकेत 1975 पासून मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे. आमच्याच नावाचा पार्ट वापरा, नाहीतर वॉरंटी विसरा, अशी अट तिथं कंपनीला घालता येत नाही. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. पण 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटारकंपन्यांना मिळून 2,544 कोटींवर दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, हा आक्षेप होता. त्या आदेशात एक वाक्य आमच्या कामाचं निघालं. बाहेरच्या गॅरेजात गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, अशा अर्थाचं. कंपन्या अपिलात गेल्या, उच्च न्यायालयांत गेल्या, तो भाग वेगळा. पण भाईजानना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. दिल्लीत कुणीतरी चौफुलीवरच्या गॅरेजचा विचार केला होता, याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

त्यांनी किट बसवलं. अर्धा दिवस लागला. आधी गाडीचं रीडिंग वहीत लिहिलं, तारीख लिहिली, मोबाईलवर फोटो काढायला लावले. जुना दांडा पुसून कापडात बांधला. पोराला बजावलं, "गिअरबॉक्स गया तो कंपनी के पास मत जाना. वो हमारा." पोराचे मित्र म्हणाले होते, सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी जुना दांडा लावून घे, कुणाला कळणार नाही. हे ऐकून भाईजान भडकले. हात लावला ते सांगायची लाज वाटत असेल तर हात लावू नये, असं त्यांचं म्हणणं. ते आम्हाला पटलं. लपवून केलेल्या कामाने आपल्या गॅरेजवाल्यांचं नाव आधीच खराब आहे.

वर्षभराने पॉवर स्टिअरिंगची मोटर गेली. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. पोरगं जळगावातल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलं. तिथल्या माणसाने आत बसून गिअर टाकून बघितला, आणि तोंड वाकडं केलं. बाहेरचा पार्ट आहे, वॉरंटी संपली. मोटरचे पैसे भरा. पोराने विचारलं, दांड्याचा आणि या मोटरचा संबंध काय? उत्तर आलं, सिस्टीम घेत नाही.

त्या रात्री आम्ही सगळे पत्र लिहायला बसलो. भाईजान फोनवर. ते हिंदीत सांगत, आम्ही मराठीत लिहीत, पोरगं इंग्रजीत टाईप करी. गिअरच्या सांध्यांना आम्ही हात लावला आहे, त्यात काही बिघडलं तर मागणी करणार नाही. स्टिअरिंगच्या मोटरला हात लावलेला नाही. दांड्यामुळे मोटर कशी जळाली ते लेखी द्या. खाली तारखा, रीडिंग, फोटो. शेवटी पोराने लिहिलं, की 2019चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे आणि त्याप्रमाणे आम्ही राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. आपा म्हणाली, धमकी नको वाटायला. आम्ही "करता येते"च्या आधी "नाइलाजाने" घातलं.

लेखी कुणी काही दिलं नाही. नवव्या दिवशी फोन आला, गाडी घेऊन या. मोटर बदलून मिळाली, फुकट. बिलावर मात्र छापलं होतं, विशेष बाब म्हणून. पोरगं खूश होतं. आम्ही बिलाचा फोटो धुळ्याला पाठवला.

भाईजानचा लगेच फोन. "विशेष काहे का? मोटर उनकी, बिगडी उनकी." ते शब्द खोडून नवं बिल मागा, असा त्यांचा हट्ट. आपा म्हणाली, जाऊ दे भाईजान, काम झालं ना. पोरगं म्हणालं, पुढची सर्व्हिसिंग तिथंच करायची आहे. आमच्यातच दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत. बिल फाईलला तसंच आहे. जुना दांडा धुळ्याला फळीवर, कापडावर गाडीचा नंबर लिहून ठेवलेला. तिसरा गिअर थंडीत सकाळी किंचित अडतो, असं पोरगं परवा म्हणालं. भाईजान म्हणाले, रविवारी घेऊन ये, पैसे आणू नकोस.