एका पायावरचा रोहित

न्हाणीघरात एकदा पाय घसरला की हाड सांधते, पण मनात बसलेली भीती लवकर जात नाही. माझ्या सासूबाईंचे तसेच झाले होते. चार महिने त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. अखेर नातीच्या हट्टापुढे त्यांचे काही चालले नाही, आणि आम्ही ऐरोलीला ठाणे खाडीतले रोहित पाहायला गेलो.

आपल्यालाही नातवंडांसह जायचे असेल, तर हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंतचा काळ योग्य. होडी भरती-ओहोटी पाहून सुटते. वेळ आधी विचारून घ्यावी. टोपी, पाणी आणि होडीत चढताना धरायला एक भक्कम हात, एवढे पुरे. २०१५ साली ही खाडी अभयारण्य झाली आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

तिवरांची रांग मागे पडली आणि चिखलावर गुलाबी पट्टा दिसू लागला. हा रंग जन्माचा नव्हे. रोहितांची पिल्ले करडी असतात. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन पुढे पिसांत गुलाबी रंग उतरतो. गाजराला रंग देणारी द्रव्ये याच कुळातली. हे ऐकून नातीने गाजर खायचे कबूल केले, ते किती दिवस टिकले हे विचारू नये!

मग तिने विचारले, "आजी, तो एका पायावर झोपलाय. पडत कसा नाही?"

प्रश्न आजीला लागू होता. आम्ही सारेच क्षणभर गप्प झालो.

उत्तर विलक्षण आहे. २०१७ साली अमेरिकेतील चँग आणि टिंग या संशोधकांनी मृत रोहित पक्षी एका पायावर उभा करून पाहिला. तो स्थिर राहिला. दोन पायांच्या ठेवणीत मात्र राहिला नाही. पाय शरीराच्या मध्याखाली आला की पक्ष्याच्या स्वतःच्या भारानेच सांधे जागीच राहतात, स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. आपल्याला त्याचा उलटा वळलेला गुडघा वाटतो, तो खरे तर घोटा. गुडघा वर पिसांत दडलेला असतो. मुलांना टाचा उचलून चवड्यांवर उभे राहायला सांगा. रोहित जन्मभर तसाच चालतो.

माणसाला ही सोय नाही. आपला तोल स्नायू, डोळे आणि कान मिळून क्षणोक्षणी सांभाळतात. म्हणून एका पायावर उभे राहण्याचा सराव करायचा, तर आधी डॉक्टरांना विचारून, ओट्याची कड धरून आणि जवळ कोणी असतानाच करावा.

सासूबाईंनी हे सारे शांतपणे ऐकले. "म्हणजे त्याचे कौतुक नको. कष्ट आमचेच जास्त," त्या म्हणाल्या.

परतताना धक्क्यावर त्यांनी माझा हात सोडला. एका हातात काठी, दुसऱ्यात नातीचा हात घेऊन त्या रिक्षापर्यंत चालत गेल्या.